भाईजींची बिलफेरी

शांतिलालजींची आणि माझी पहिली भेट नोकरीच्या मुलाखतीत झाली, आणि त्या मुलाखतीत त्यांनी मला संगणकाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. जालन्यातल्या आमच्या कंपनीचे ते हिशेब विभागाचे प्रमुख, आणि मी हसनाबादच्या शेतकरी घरातली, नुकतीच इंजिनिअर झालेली मुलगी. प्रमाणपत्रांनी फुगलेली फाईल मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"बेटा," ते म्हणाले, "गल्लीत सहा घरं हायेत. मिळून पाण्याचा एक टँकर मागवला. खर्चा कसा वाटशील?"

मी फटकन सांगितले, "सहा सारखे भाग."

"एका घरात नवरा-बायको दोघंच, दुसऱ्या घरात अकरा माणसं. बराबर झालं का?"

मग माणशी वाटू, असे मी म्हटले. "अन् ज्याच्या घरी पाहुणे आल्ते?" मी पडक्या आवाजात म्हणाले, "मंग त्यांनाच विचारावं लागंल, पाणी किती भरलं म्हणून." त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि सोमवारपासून कामावर यायला सांगितले. पाहुण्यांनी आपली नोकरी लावली, असे मी आईला घरी जाऊन सांगितले होते.

शांतिलालजी मूळचे भोकरदनचे. घराणे राजस्थानातून आलेले, जैन, पिढ्यानपिढ्या कापडाच्या धंद्यातले. दुकान धाकट्या भावांनी सांभाळले आणि हे हिशेबाच्या नोकरीत आले. कंपनीत सगळे त्यांना भाईजी म्हणतात, आमचे मालक शेठजीही भाईजीच म्हणतात. त्यामुळे त्यांच्या साठीनिमित्त कंपनी काढत असलेल्या या गौरवग्रंथाच्या संपादकांची क्षमा मागून मीही पुढे तेच म्हणणार आहे.

त्यांचे काम कळायचे तर आधी कंपनीची थोडी माहिती द्यायला हवी. आमच्या तीन शाखा आहेत: जालन्याला बियाण्यांचा विभाग, भोकरदनला कापसातली सरकी काढायचे जिनिंग आणि जाफराबादला शेतकरी सल्ला केंद्र. कापसावर, सोयाबीनवर कीड पडली की शेतकरी या केंद्राला फोन करतात. मी आले त्या सुमारास कंपनीने आपल्या संगणकांची खोली बंद केली आणि क्लाउड घेतले, म्हणजे दूरच्या एका मोठ्या कंपनीचे संगणक भाड्याने वापरायला सुरुवात केली. त्या भाड्याचे बिल सगळ्या शाखांना मिळून एकच येते आणि ते मारुतीच्या शेपटासारखे लांब असते. त्यातली कोणती ओळ कोणत्या शाखेची, हे ठरवायला नियम लिहून ठेवावे लागतात. अमुक चिठ्ठी लावलेला संगणक जिनिंगचा, तमुक साठवण, म्हणजे फाइली ठेवायची भाड्याची जागा, बियाण्यांची, अशी ती यादी असते. यादीत जो नियम आधी लागू पडेल तोच खरा, त्याच्या खालच्यांना कोणी विचारत नाही. ही यादी लिहिणे हे माझे काम होते आणि ती तपासणे भाईजींचे.

साठी बुद्धी नाठी, असे आपल्याकडे म्हणतात. भाईजींनी साठीच्या वाटेवर असताना हा नवा विषय मुळापासून शिकून घेतला. बाराखडी गिरवावी तशा त्यांनी त्या बिलातल्या ओळी वहीत लिहून काढल्या आणि एकेका ओळीसमोर ती कोणाच्या कामाची, हे मराठीत लिहिले. मला येत नसलेल्या चार गोष्टी त्या वहीत होत्या, हे मी त्यांना कधी कळू दिले नाही. त्यांना कळले असणारच.

कोणत्याच नियमात न बसणाऱ्या ओळींना भाईजींनी नाव दिले होते 'बेवारस'. इतर ठिकाणी अशा ओळी गोळा करून सगळ्या शाखांवर सारख्या वाटून टाकतात आणि मोकळे होतात. भाईजींना ते मंजूर नव्हते. "वारस सापडत न्हाई म्हणून शेजाऱ्याच्या घरी लेकरू ठेवता का?" असे ते विचारीत. एकदा अशीच एक लहानशी ओळ तीन-चार महिने बिलात येत राहिली. भाईजींनी तिन्ही शाखांत विचारपूस केली, प्रत्येकाने कानांवर हात ठेवले. शेवटी मीच तिचा माग काढला. लेखापरीक्षणासाठी एक संगणक उघडला होता, तो काम झाल्यावर बंद करायचा राहिला होता आणि उघडा म्हणून सांगणारे होते स्वतः भाईजी. महिन्याच्या बैठकीत त्यांनी ती ओळ सर्वांसमोर मोठ्याने वाचली, "वारस सापडला, मीच हाय," असे म्हणाले आणि तो खर्च आपल्या हिशेब विभागावर लिहून घेतला. शेठजींसकट सगळे हसले. त्यानंतर मात्र बेवारस ओळींचे वारस आपणहून पुढे येऊ लागले.

पण भाईजींची खरी ओळख म्हणजे त्यांची बिलफेरी. दर महिन्याला बिलाची वाटणी झाली की ते कागद घेऊन एसटीने किंवा जीपने प्रत्येक शाखेत जात. तिथल्या प्रमुखांसमोर बसून एकेक ओळ वाचत, ती कशाची ते सांगत आणि समोरचा माणूस "हे आमचंच" म्हणाला की मगच त्या ओळीपुढे खूण करीत. ज्याच्या माथी खर्च टाकायचा त्याला आधी विचारायचे, एवढेच त्यांचे शास्त्र. मला हा प्रकार हास्यास्पद वाटे. नियम संगणक लावतो, मग माणसाने जीपमध्ये कोंबून घेऊन कशाला जायचे? एकदा मी तसे बोललेही. ते म्हणाले, "नियम तुझा बराबर हाय. पण नियमाला पाहुणे दिसत न्हाईत."

भोकरदनची फेरी ते नेहमी शनिवारी दुपारी ठेवीत आणि मला सोबत नेत. काम संपले की म्हणत, "आता इथून जालन्याला परत कशाला येतीस? हसनाबादची गाडी लागलेली हाय." मी रविवार आईवडिलांकडे काढून सोमवारी जालन्याला परतत असे. जिनिंगचे प्रमुख शनिवारी अर्ध्या दिवसाने घरी जातात आणि भाईजींसाठी मुद्दाम थांबतात, हे मला तीन वर्षांनी कळले. फेरी शनिवारी का, हे मग विचारावे लागले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते.

एका वर्षी भाईजींच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि ते काही आठवडे घरी होते. यादी माझ्या एकटीच्या हाती आली. मी उत्साहाने तिच्यात अगदी वर एक नवा नियम घातला: जी साठवण ज्या माणसाने उघडली असेल, तिचा खर्च त्या माणसाच्या शाखेवर. दिसायला किती सोपा आणि चोख नियम. बिलफेरी मी केली नाही, तिन्ही शाखांना कागद ईमेलने पाठवून दिले. भाईजी आले की त्यांना दाखवू, वेळ कसा वाचतो ते, असे माझ्या मनात होते.

भाईजी कामावर परतले त्याच आठवड्यात बैठक होती. शेठजींनी आकडे पाहिले आणि जाफराबादच्या केंद्राचा खर्च पाहून त्यांचा चेहराच बदलला. तो पूर्वीच्या कितीतरी पट झाला होता. "फोन उचलायला इतका खर्चा?" ते म्हणाले. "बंद करा ते केंद्र. पुढच्या महिन्यापासून बिलकुल नको." केंद्रात सहा जणी काम करत होत्या आणि त्यांच्या प्रमुख सुनंदाताईंनी एका टेबलावर ते उभे केले होते. भाईजींनी उठून फक्त पंधरा दिवस मागितले.

दुसऱ्या दिवशी, डोळ्यांवर काळा चष्मा लावून, ते मला घेऊन जीपने जाफराबादला गेले. केंद्र बंद होणार ही बातमी आमच्या आधी पोहोचली होती. भाईजी ओळी वाचू लागले. पिकांच्या पानांच्या फोटोंची साठवण आली, तशा सुनंदाताई तडकल्या.

"फोटो? भाईजी, आम्ही दिवसभर फोनवर बोलून राह्यलो. फोटो काढतोच कुठं?"

फोटो काढत होते बियाणे विभागाचे एक शास्त्रज्ञ. त्यांचे चाचणीचे प्लॉट जाफराबादच्या शिवारात होते. रोज जालन्याला जाणे नको, म्हणून हंगामापुरती त्यांची हजेरी या केंद्रात लागत होती. माझ्या नियमाने त्यांना केंद्राचा माणूस धरले आणि बियाणे विभागाचे सगळे फोटो या सहा जणींच्या माथी मारले.

"न विचारता लिहिलं आमच्या नावावर," सुनंदाताई म्हणाल्या. "सहा घरांची भाकर हाय ही. कोणी केला हा नियम?"

मी तोंड उघडले, तोवर भाईजी बोलून मोकळे झाले होते. "मी केला, ऑपरेशनच्या आधीच. चुकलं माझं, ताई."

परतताना जीपमध्ये मला रडू आवरेना. मी उद्याच शेठजींना खरे सांगते, असे म्हणाले. भाईजी म्हणाले, "माझ्या नावावर तीस वर्षांचं काम हाय, त्यात एक चूक खपून जाईल. तुझ्या नावावर आजून काहीच न्हाई. पहिली गोष्ट हीच लिहिली गेली तर लोक दुसरी वाचणार न्हाईत. शब्द दे, बोलणार न्हाई म्हणून." मी शब्द दिला. नोकरी टिकवायची होती, हेही खरे.

भाईजींनी शेठजींनाही चूक आपलीच म्हणून सांगितले. नियम सुधारला, फोटो बियाणे विभागाकडे गेले आणि केंद्र वाचले. ते आजही चालू आहे. पण भाईजींची चूक काही खपून गेली नाही. वर्षाचा ताळेबंद संचालकांपुढे मांडण्याचे काम, जे ते इतकी वर्षे करत आले होते, शेठजींनी बाहेरच्या सल्लागाराला दिले. भाईजी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. जाफराबादला सुनंदाताई त्यांच्याशी कामापुरतेच बोलू लागल्या. भाईजींच्या मुलीच्या लग्नाला सगळी कंपनी लोटली, जाफराबादहून मात्र कोणी आले नाही. मी भाईजींकडे पाहिले. "सोयाबीन काढणीची गर्दी आसंल," ते म्हणाले आणि पंगतीत वाढायला गेले.

पुढे मला बढती मिळाली. आज त्या यादीवर सही माझी असते. दर महिन्याला मी कागद घेऊन जीपमध्ये बसते आणि "हे आमचंच" ऐकल्याशिवाय खूण करत नाही. हे सगळे मला भाईजींनी दिले आणि त्याची किंमत त्यांनी आपल्या नावलौकिकातून भरली. इतके उपकार आईवडिलांखेरीज माझ्यावर कोणी केले नाहीत.

या लेखासाठी परवानगी मागायला गेले, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "बाकी काय ते लिही, जाफराबादचं लिहू नको." मी मान डोलावली होती.

हा ग्रंथ तिन्ही शाखांत जाणार आहे, जाफराबादलाही. म्हणून सुनंदाताई, तुम्हाला आणि तुमच्या सगळ्या जणींना सांगते, शेठजींनाही सांगते: तो नियम माझा होता. भाईजींनी तो पाहिलासुद्धा नव्हता. तो लिहिला गेला त्या दिवशी ते डोळ्यावर पट्टी बांधून घरी पडून होते.

भाईजी, दिलेला शब्द मी मोडला आहे आणि तुम्ही रागावणार, हे मला ठाऊक आहे. माझ्यावर रागवायला तुम्हाला अजून चाळीस वर्षे मिळोत, धडधाकट शरीराने आणि स्वच्छ नजरेने.