जमनाकाकींची टीं-टीं

जमनाकाकींना कोणाला बोलवायचं असलं की त्या एकच टाळी वाजवत. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांच्याकडे आवाज म्हणून नुसती खरखर उरली होती, आणि ती उगाच खर्च करणं त्यांना पटत नसे.

माझ्या शहाद्याच्या कॉम्प्युटर क्लासला त्या आल्या त्या सुनेच्या सोबतीला. घर कळसाडीचं, कापूस-उसाचं, गुजर. घरात गुजरी बोलत, माझ्याशी अहिराणी. पहिल्यांदा माऊस धरणाऱ्या बायकांचा हात अवघडलेला असतो. तो मोकळा व्हावा म्हणून मी त्यांना एक वेबसाइट उघडून देते. पडद्यावर चौकोनांची जाळी असते. चौकोनावर क्लिक केलं की जुन्या व्हिडिओ गेमसारखा टीं-टीं सूर वाजतो, ओळीने चौकोन भरत गेलं की चाल तयार होते. बायका चार चौकोन भरतात, हसतात आणि टायपिंगला लागतात. काकींची सून नयनाही लागली. काकी मात्र शेजारच्या रिकाम्या कॉम्प्युटरवर बसल्या त्या क्लास बंद करायची वेळ झाली तरी उठेनात. जाताना म्हणाल्या, "आवाज गया, चाल नही गयी."

मग नयनाने सांगितलं. आसपासच्या गावांतल्या गुजरांच्या लग्नात गाणी म्हणायला काकीच पुढे असत. त्यातही फटाणे म्हणजे त्यांचा हातखंडा. नवरीकडच्या बायका व्याह्यांची नावं घेऊन त्यांची टर उडवतात, ती ही गाणी. आता नात हेतलचं लग्न ठरलं होतं आणि नयना सुरतेची गाणारी पार्टी बोलवणार होती, माईकसकट. नयनाचं काही चुकत नव्हतं. मीही तेच केलं असतं. काकी घरात वाद घालू शकत नव्हत्या. मला तेवढं म्हणाल्या, "भाडानी बाईले व्याहीना गुन काय माहीत?"

त्यानंतर त्या रोज दुपारी क्लासला यायला लागल्या. चौकोनांच्या ओळींना त्या सरी म्हणत. एका सरीत चाल, दुसरीत ठेका. त्या साइटवर एक नुसता खसखस आवाज आहे, कोणाला त्याचं काय करावं कळत नाही; काकींनी तो बांगड्यांसाठी वापरला. मी त्यांना सांगितलं की तुम्ही मध्येच चौकोन रिकामे सोडताय, चाल तुटते. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. "आठे बाया दम लेतस." पुढे आणखी मोठी जागा रिकामी होती. "आठे व्याहीनं नाव येस. हासाले जागा ठेवनी पडस." यानंतर मी त्यांना सूचना करणं सोडून दिलं.

चाल तयार झाल्यावर त्यांनी ती नयनाला ऐकवली. नयना सरळ बोलणारी. तिने सांगितलं की गल्लीतल्या बायका यावर गायला शिकल्या तर सुरतेला नाही कळवते, पण पाहुण्यांसमोर फजिती झाली तर हेतलला सासरी जन्मभर ऐकावं लागेल. काकींनी मान हलवली. मग रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात मोबाईलवर टीं-टीं सुरू आणि भोवती बायका.

लग्नाच्या आदल्या दिवशी, वऱ्हाड मुक्कामाला आलं तेव्हा, मी कळसाडीला होते. मांडवात स्पीकर नयनाच्या मोबाईलला जोडला होता. त्या साइटवर गाणं कुठे साठत नाही. सगळे सूर लिंकच्या अक्षरांतच असतात, म्हणून लिंक हातभर लांब होते. नयनाला वाटलं की शेवटची अक्षरं म्हणजे जाहिरातीचा कचरा. त्या सकाळी बायकांच्या ग्रुपवर टाकताना नीटनेटकी दिसावी म्हणून तिने लिंक छाटली होती आणि आता तीच उघडली होती. चालीची सरी नेमकी छाटलेल्या भागात. स्पीकरमधून नुसता ठेका आला, टुंक टुंक, आणि बांगड्यांची खसखस.

नवऱ्याचे मामा मोठ्याने म्हणाले, "काकी, ट्रॅक्टर रिव्हर्स लेई ऱ्हायना का कोनी?"

मांडव हसला. नयनाचा चेहरा उतरला. माझ्याकडे पूर्ण लिंक होती, मी मोबाईल काढला. काकींनी माझा हात बाजूला केला, उठून बायकांसमोर उभ्या राहिल्या आणि एक टाळी वाजवली.

बायकांनी चाल उचलली. रोज ऐकून ती त्यांच्या तोंडात बसली होती. तिसऱ्या ओळीला सूर घसरला तेव्हा काकींनी भर मांडवात गाणं थांबवलं. "फिरी म्हना." बायकांनी पुन्हा म्हटलं. पुढच्या कडव्यात त्यांनी बोटाने मामांकडे खूण केली आणि बायकांनी मामांचं नाव, पोट आणि लाडवांची हाव सगळं त्यात बसवलं. मामांनी हात जोडले. गाणं संपेपर्यंत त्यांच्या बायकोने त्यांना जोडलेले हात सोडू दिले नाहीत.

काकी गेल्या वर्षी गेल्या. आजार थोडक्याच दिवसांचा होता. यंदा धाकट्या नातीचं लग्न झालं. सुरतेच्या पार्टीचा विषय कोणी काढला नाही. नयना स्वतः पुढे बसली होती. आवाज बेताचा, सूर तर काकींनी ऐकूनच घेतला नसता. पण नव्या व्याह्यांबद्दल तिने इतकी बारीक चौकशी करून ठेवली होती की पहिल्याच कडव्याला ते पाणी पिण्याच्या निमित्ताने मांडवाबाहेर गेले.