शिडी नव्हतीच

माझे पुढचे दोन दात ज्याने पाडले, तो योनास काल गेला. हार्ट अटॅक.

सौदीत तबूकच्या साइटवर तो सुपरवायझर, मी क्रेनला लोड बांधणारा रिगर.

बाल्टिक समुद्रावरचं एक बंदर त्याचं गाव. तिथे नवीन बास्केटबॉल अरीना होणार होता. "छप्पर मीच चढवणार," हे त्याचं रोजचं तुणतुणं. जेवताना मोबाइलवर फोटो दाखवायचा. बर्फ, क्रेन, मागे जहाजं.

मी म्हणायचो, "आमचं हर्णैपण बंदरच आहे. थोडी थंडी पाठव तिकडे."

त्या दुपारी वारा सुटला आणि वर टांगलेला बीम गरगरायला लागला.

हर्णैला होडी ओढताना कलली की आपण खांदा लावतो. विचार करत नाही. मी तसाच बीमला खांदा लावायला गेलो.

योनास धावत आला आणि त्याने माझ्या तोंडावर गुद्दा हाणला.

मी उताणा. तोंडात रक्त, वाळू आणि माझेच दात. बीम माझ्यावरून गेला आणि खांबावर आदळला. कानठळ्या बसल्या.

पण मला काय दिसलं? सगळ्यांसमोर गोऱ्याने मारलं. बस्स.

हातात स्पॅनर होता. घातला त्याच्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. तरी दुसरा घालणार होतो, चौघांनी मला दाबून धरलं.

फोरमन रफिकभाई ओरडले, "तुझा खेळ खलास रे इक्बाल! इकामा, इथे राहायचा परवानाच गेला, आता जेल!"

घरी बायकोला सातवा महिना.

सेफ्टी ऑफिसर आला. योनास वेदनेने पांढराफटक पडलेला. म्हणाला, "शिडीवरून पडलो. दोघंही."

चौघांनी माना डोलावल्या.

हॉस्पिटलमध्ये मी विचारलं, "मारायचं कशाला? ओरडायचं ना!"

त्याने डावा हात वर केला. दोन बोटं नाहीत. लहानपणी वडिलांच्या बोटीला असाच हात लावला होता.

"बंदरातला माणूस आधी हात लावतो, मग ऐकतो," तो म्हणाला.

तो खांदा पुन्हा धड झालाच नाही. अरीनाचं छप्पर चढलं तेव्हा हा खाली खुर्चीवर. वर दुसरेच.

मी सॉरी म्हटलं नाही. कितीदा टाइप केलं, पुसलं.

काल त्याच्या मुलीचा मेसेज आला. ती त्याच अरीनात खेळते. "बाबा नेहमी सांगायचे, तुम्ही दोघं एकाच शिडीवरून पडलात."

घरीसुद्धा तेच सांगितलं त्याने!

पोरी, तू हे ट्रान्सलेट करून वाचशील, म्हणून सरळ लिहितो. इकामा गेला तर गेला.

शिडी नव्हतीच. तुझ्या बाबांनी मला वाचवलं आणि मी त्यांचा खांदा मोडला.

योनास, माफ कर यार. सलाम.