साहेबांनी तपासलेला तलाव

आमच्या तलावाचं पाणी कारखान्यांना विकायचं ठरलं, तेव्हा त्याआधी पर्यावरणाची तपासणी करावी लागते हे मला पहिल्यांदा कळलं. तेव्हा तपासणी हा शब्द ऐकून बरं वाटलं होतं. आता ऐकला की तोंड कडू होतं.

मी जालन्यात मस्तगडला राहते, शाळेत भूगोल शिकवते. आमचं गाव वडीगोद्रीपासून आत. तलाव झाला तेव्हा घराण्याची जमीन त्यात गेली. पाणी मागं सरत जातं तसा जो गाळ उघडा पडतो, तो माझे काका सरकारची रीतसर परवानगी काढून कसतात. टरबूज, काकडी, थोडा हरभरा. याला गाळपेर म्हणतात. वरच्या अंगाला आमची मेंढरं चरतात.

तपासणीचे साहेब पुण्याहून आले. तलाव दाखवायला म्हणून मी रजा टाकून गेले. बांधावर उभं राहून साहेबांनी मोबाइलवर फोटो काढले, त्यातले निम्मे स्वतःचे. सोबतच्या माणसानं बाटलीत पाणी भरून घेतलं. खाली गाळात चला म्हटलं, तर म्हणाले बूट नवे आहेत. काकांना मात्र वाईट वाटलं, पाहुणा उन्हातानात आला. त्यांनी वेलावरचं टरबूज आणून तिथंच फोडलं. साहेबांनी ते मन लावून खाल्लं आणि आणखी एक गाडीत ठेवायला सांगितलं. मेंढरं कधी उतरतात, पाणी कुठवर सरतं, हे काका सांगत होते. साहेब हं हं करत मोबाइल चाळत होते.

जनसुनावणीच्या आधी अहवाल ग्रामपंचायतीत आला. तलावाचा उघडा भाग पडीक आहे, तिथं लागवड नाही, चराई नाही, पाणी काढल्यानं कुणाच्या पोटावर पाय येत नाही, असा त्याचा मतलब होता. शेवटी सहकार्याबद्दल माझे आभार, शाळेच्या नावासकट.

मी साहेबांना फोन केला. माझं नाव काढा म्हटलं. ते हसले.

"मॅडम, फॉरमॅट असतो तो. स्थानिक शिक्षकाचं नाव असलं की बरं दिसतं."

तो माणूस बदमाश असता तर निदान त्याची भीती वाटली असती. तो नुसता आळशी होता, आणि त्याच्या आळसाला पदवी होती.

सुनावणी शहागडकडच्या एका मंगल कार्यालयात झाली. स्टेजवर अधिकारी आणि तपासणीचे साहेब, लग्नातल्या लाल खुर्च्या, प्रत्येकापुढं विकतच्या पाण्याची बाटली. मी लिहून नेलेली हरकत वाचली. नोंद घेतली, असं सांगून त्यांनी पुढच्याला बोलावलं. मग काका उठले. सभेत बोलायची त्यांना सवय नाही.

"साहेब, पडीक म्हंजी जिथं काईच उगत न्हाई ती जमीन. मंग तुमी आल्ता तवा काय खाल्लं?"

"काका, तो तुमचा पाहुणचार होता," साहेब म्हणाले. "तो डेटा नसतो."

मागं कारखान्याकडची माणसं बसली होती, ती हसली. स्टेजवरचे एक अधिकारीही हसले, मग त्यांनी घड्याळ पाहिलं. काका खाली बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

अहवालात दुरुस्ती झाली. 'हंगामी लागवड, नगण्य.' एवढीच. माझे आभार जागच्या जागी राहिले. बांधालगत झाडं लावण्याच्या अटीवर मंजुरी मिळाली, आणि झाडं लावली ती नेमकी काकांच्या गाळात. झाडं लावायच्या कार्यक्रमाला काकांनी लाभार्थी म्हणून यावं, फोटो काढायचाय, असा निरोप घेऊन कारखान्याचा एक जण काकांच्या घरी आला, तेव्हा मी गावीच होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर निघाले, तर काकांनी हातानंच मला थांबवलं.

"लाभ ज्येला झाला त्येला न्या म्हनावं," ते म्हणाले, आणि तो माणूस उंबऱ्याबाहेरूनच परत गेला.

पुढच्या उन्हाळ्यात पंप सुरू झाले. पाणी एवढ्या झपाट्यानं उतरलं की गाळात वेल धरायच्या आत भेगा पडल्या. लावलेली झाडंही वाळली. त्यांच्या जाळ्या तेवढ्या उभ्या आहेत, प्रत्येकीवर कारखान्याची पाटी. काकांनी निम्मी मेंढरं विकली. उरलेली घेऊन ते आता नदीकडं जातात.