मिस्त्रींची अर्धी तपासणी

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी वडखळच्या एका गॅरेजात ट्रेनिंगला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे काही विचारायचं तर आधी मनातल्या मनात घोकून बघायचे. कॉलेजची अट मात्र साधी होती: गाड्या तपासायच्या लॅपटॉपवर माझ्या नावाने केलेलं काम दिसलं पाहिजे, नाहीतर ट्रेनिंग धरणार नाहीत.

आणि लॅपटॉप ओळखायचा फक्त गॅरेजच्या जुन्या मिस्त्रींना. ते केव्हाच गॅरेज सोडून धाटावच्या एका कंपनीत लागले होते. तरी रोज सकाळी स्क्रीनवर त्यांचं नाव, त्यांनी लावलेली मोठाली अक्षरं, त्यांची हिंदी आणि एक प्रश्न: टेम्पोची तपासणी अर्धी आहे, पुढे चालू करायची? गॅरेजचे मालक शेठ ‘हो’ दाबायचे, ती खिडकी खाली सारायचे आणि दारातली गाडी जोडायचे. सॉफ्टवेअर प्रत्येकाची मांडणी आणि अर्धवट काम त्याच्या नावाखाली जपून ठेवतं, हे मी शिकले होते. इतकं जपतं हे माहीत नव्हतं.

आमच्या लॅपटॉपवर एका वेळी एकच नाव चालायचं. मी भीतभीत मिस्त्रींचं नाव पुसायचं बटण दाखवलं.

“पुसायचं? जित्या माणसाला?” शेठ म्हणाले. “नाय गो. उद्या तो आला नि बोलला, मी कुठाय, तर?”

तपासणी पुरी झाली तर नाव न पुसता बाजूला ठेवता येत होतं. पण त्यासाठी तोच टेम्पो हवा, आणि मिस्त्रींनी तो आपला टेम्पो खांब गावच्या एका मासेवालीला विकलेला. शेवटी मीच मिस्त्रींना फोन केला.

“अजून हाय मी तिथं?” ते खूश होऊन म्हणाले.

रविवारी ते टेम्पो घेऊन आले. मागे मासे, पुढे मासेवाली.

“लवकर करा रे, बर्फ वितळतोय!”

मिस्त्रींनी चष्मा लावला. स्क्रीन म्हणत होती, आता इंजिन चालू करा.

“त्या दिवशी इथनंच जेवायला उठलो,” ते म्हणाले, “नि कंपनीतून फोन आला.”

म्हणजे इतके दिवस सॉफ्टवेअर त्यांचं जेवण आटोपायची वाट बघत होतं. इंजिन घुरघुरलं. निकाल आला: दोष नाही.

“मग मला आणली कशाला?” मासेवाली कडाडली.

मिस्त्रींनी स्वतःचं नाव बाजूला ठेवलं आणि एकेक अक्षर शोधत माझं घातलं. लगेच अक्षरं बारीक झाली, हिंदी गेली, इंग्रजी आली.

“यात काय दिसत नाय,” शेठ कुरकुरले.

“तिला दिसतंय ना?” मिस्त्री म्हणाले.

कॉलेजने ट्रेनिंग धरलं. शेवटच्या दिवशी मी माझ्या सगळ्या तपासण्या नीट पुऱ्या केल्या, मागे कुणाला त्रास नको म्हणून. शेठ मात्र खट्टू झाले.

“एकतरी अर्धी ठेवायचीस गो,” ते म्हणाले. “आता तुला बोलवायचं कशावरून?”