आबांचं गाणं आणि माझे तीन हेडफोन

माझे कान फार चांगले आहेत. हे मला स्वतःलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

ही गोष्ट साठ-बासष्टच्या सुमाराची. मी तेव्हा लोणावळ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो. घरात रेडिओ नव्हता. रेडिओ हा सामान्य माणसांसाठी असतो, असं माझं प्रामाणिक मत होतं. माझ्याकडे मी स्वतः जुळवलेला क्रिस्टल सेट होता: पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तार, एक स्फटिकाचा खडा, छपरापासून परसातल्या जांभळीपर्यंत ताणलेली एरियलची तार आणि नळाच्या पाइपाला बांधलेली दुसरी. त्याला वीज लागत नसे. त्याचा आवाजही जवळजवळ नसेच, म्हणून तो हेडफोन लावूनच ऐकावा लागे. (एरियलवर माझी बायको शालन माझे बनियन वाळत घालायची. बनियन ओले असले की पुणे केंद्र पार लोणीकाळभोरच्या पलीकडे गेल्यासारखं वाटायचं.)

पण सेट हे निमित्त. माझा खरा छंद हेडफोनचा. माझ्याकडे तीन होते. एक देहूरोडच्या भंगारवाल्याकडून आणलेला लष्करी. तो डोक्यावर चढवला की मान आपोआप खाली जायची आणि मी विनम्र दिसायचो. दुसरा एका निवृत्त तारबाबूंनी दिलेला. तिसरा म्हणजे कुणा बहिऱ्या गृहस्थाच्या श्रवणयंत्राचं बोंडूक, एकाच कानात जाणारं. या तिघांची मी रोज संध्याकाळी परीक्षा घ्यायचो आणि वहीत दहापैकी गुण मांडायचो. खर्ज, मधले स्वर, वरचे स्वर आणि कानाची आग, असे चार रकाने होते.

"काय ऐकताय?" शालन विचारायची.

"डावा कान."

"त्यात काय चाललंय?"

"अजून ठरायचंय."

ती पोळ्या लाटायला निघून जायची. संसारात असे समंजस क्षण फार महत्त्वाचे.

माझे सासरे मावळातल्या आंबी गावचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. थोडं भात, दोन म्हशी आणि गळा, एवढी त्यांची इस्टेट. गावच्या भजनी मंडळात पेटीपुढची, मुख्य गायकाची जागा गेली कित्येक वर्षं त्यांची होती. त्या साली मंडळाला पुण्याला रेडिओवर बोलावणं आलं. आबांनी तिथे जाऊन चार भजनं म्हटली, साहेबांनी ती ध्वनिमुद्रित करून घेतली आणि सांगितलं, की गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला पंधरा मिनिटांत बसतील तेवढी लावू.

आता आंबीत पंचायतीचा रेडिओ होता, त्याला भोंगा होता, आणि सगळा गाव त्यापुढे सतरंज्या टाकून बसणार होता. तरीही गुरुवारी दुपारी आबा, सासूबाई आणि मंडळाचे पखवाजवाले सोपानराव असे तिघं तळेगावहून गाडी पकडून आमच्याकडे हजर झाले. स्वतःचं गाणं ऐकायला गायक गाव सोडून लोणावळ्याला का येतो? दुसऱ्या कुणाला हे कोडं पडलं असतं. मला पडलं नाही. आबांना चांगल्या आवाजाची कदर आहे, असा मी अर्थ काढला आणि शालनला तो दोनदा ऐकवला.

शेजारच्या रमजानभाईंचं चिक्कीचं दुकान होतं आणि घरी मोठा रेडिओ होता. त्यांनी आपण होऊन बोलावलं, "पाहुणे आलेत, सगळे आमच्याकडेच बसा की."

"रमजानभाई, तुमच्या रेडिओत खर्ज फुगतो," मी म्हणालो.

"असेल," ते म्हणाले आणि दुकानात गेले. सज्जन माणूस.

सेटला एका वेळी हेडफोन एकच आणि ऐकणारी माणसं चार, याची मी सोय केलेली होती. हेडफोन पितळेच्या घागरीत सोडला की घागर बोलू लागते आणि भोवती बसलेल्या चौघांना ऐकू येतं. घरातली सगळी भांडी मी या कामी तपासली होती. घागरीला सात गुण, पातेल्याला पाच, कल्हई गेलेलं तपेलं नापास. सासूबाईंनी घागर चिंच लावून घासली, पुसली आणि पाटावर मांडली.

सव्वासहाला मी लष्करी हेडफोन चढवला आणि खडा जुळवायला बसलो. तेवढ्यात आबा शेजारी येऊन बसले. इकडेतिकडे बघून ते माझ्याशी बराच वेळ काहीतरी हळू बोलले. ते काय बोलले हे मला अर्ध्या तासाने शालनकडून कळलं. ती दाराआड उभी होती. माझ्या कानांत त्या वेळी बाजारभाव चालले होते आणि गुळाचा भाव सांगताना निवेदकाचा खर्ज असा काही सुरेख उतरत होता, की मी सारखी मान डोलावत होतो.

आबा म्हणत होते, "पाव्हणं, तुमाला म्हनून सांगतो. तितं गवळण म्हनताना मला ठसका आला वो. सायेब म्हनला, काढून टाकू. पर काढला का न्हाई, कुनाला ठावं? गावात समद्यांम्होरं ऐकायचा धीर न्हाई झाला. भोंग्याच्या खरखरीत गावाला ठसका उमगायचा न्हाई, पर सोपानाला उमगंल. त्यो सोपान हितं आलाय त्यो त्येच ऐकाया. ठसका गेला रेडिओवर, की म्हननार, आबा थकलं, पेटीम्होरनं उठवा. तुमचं त्ये कानाला लावायचं हाय, त्ये बेस. पयलं मला एकट्याला द्या. ठसका नसला, तर मंग घागरीत टाका. असला, तर तार निसटली म्हना. एवढं करा."

मी मान डोलावली. आबांनी माझा गुडघा दाबला आणि निर्धास्त झाले.

साडेसहाला निवेदन झालं. मी हात वर केला. सगळे घागरीभोवती बसले आणि आबांनी माझ्यापुढे दोन्ही हात पसरले. मी त्यांना एक बोट दाखवलं. म्हणजे एक मिनिट. माझ्या डोक्यात एक विचार चमकला होता: तोच गळा, तीच पेटी, तोच पखवाज आणि पुरी पंधरा मिनिटं! तिन्ही हेडफोनची खरी तुलना करायची अशी संधी जन्मात पुन्हा येणार नव्हती.

लष्करीने चार मिनिटं घेतली. मग मी तारा सोडून तारबाबूंचा जोडला. शालन माझ्या डोक्याकडे हात नेत होती, एवढं मला दिसलं. आबांनी तिचा हात धरला.

"जावयाच्या कानाला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले.

"त्यांचा मान असतोय," सासूबाई म्हणाल्या.

असा हा माझा मान. सासरच्या तिघांत एकही माणूस असं निघालं नाही, की जे माझ्या डोक्यावरून तो हेडफोन ओढून माझ्याच टाळक्यात घालील. मावळच्या चालीरीतींबद्दल मला आदर आहे, पण त्या दिवशी तो थोडा जास्तच खर्च झाला.

इथे एक शास्त्रीय बाब सांगितली पाहिजे. कानावर हेडफोन असला, की माणसाला आपला आवाज किती चढलाय हे कळत नाही. मी आपला स्वतःशीच पुटपुटत होतो. शालनच्या मते ते पुटपुटणं स्टेशनापर्यंत जात होतं.

"खर्ज सहा! मधले स्वर किनरे! डावीकडून कसलीतरी घरघर येतेय!"

सोपानराव डोळे मिटून प्रत्येक शब्द मनात साठवत होते. आबा घागरीच्या तळाशी बघत होते.

आणि मग आला. अगदी स्वच्छ, उजव्या कानात. मी हेडफोनवर दोन टिचक्या मारल्या आणि ओरडलो, "हा ठसका कुठून आला? शालन, लिहून ठेव, उजव्या कानात ठसका आहे!"

एवढं एकच वाक्य. आबांच्या कार्यक्रमातलं आमच्या घरात जर कुणाला काही ऐकायला मिळालं असेल, तर ते हेच.

"आला का?" सोपानराव म्हणाले. "मला वाटलंच व्हतं."

मला यातलं काही लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. मी सदोष हेडफोन बाजूला टाकून बोंडूक जोडायच्या गडबडीत होतो. तेवढ्यात दारात रमजानभाई तांब्या घेऊन धावत आले. चहाला घरी आले होते बिचारे.

"कुणाला ठसका लागला? पाणी आणलंय."

आबांनी तांब्या घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

बोंडुकाची परीक्षा संपवून, तिन्ही गुण मांडून मी समाधानाने म्हणालो, "चला, आता घागर." लष्करी हेडफोन पुन्हा जोडून आत सोडला. चार डोकी वाकली. घागर खणखणीत आवाजात बोलली, "उद्या पुणे जिल्ह्यात हवामान कोरडे राहील."

शालनने मला स्वयंपाकघरात नेलं आणि आबा काय बोलले होते ते सांगितलं. ती ओरडली नाही, हे जास्त वाईट. ओट्याला टेकून मी उभा राहिलो. मला खरोखर लाज वाटली. त्या म्हाताऱ्याने विश्वासाने एक गुपित माझ्या कानात सांगितलं होतं, आणि मी त्याची दवंडी पिटली होती.

पण अजून वेळ गेली नव्हती. मी बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "आबा, तो ठसका हेडफोनचा होता. त्याची जोडणी ढिली आहे. गाण्यात ठसकाबिसका काही नव्हता."

आबांनी मान वर केली. सासूबाईंच्या जिवात जीव आला. सोपानराव मात्र मांडी बदलून बसले.

"आसंल," ते म्हणाले. "आमी चार म्हनली व्हती. पंधरा मिंटात तीन बसत्यात. कोनचं गाळलं, पाव्हणं?"

मी सेटवरचा खडा पुसायला घेतला.

"आवं, गवळण लावली का न्हाई, एवढंच सांगा. ठसका गवळणीत व्हता. गवळण गाळली असंल, तर इषयच मिटला."

नुसतं 'गाळली' म्हणायचं होतं. तीन अक्षरं. आबा माझ्याकडे बघत होते, शालन बघत होती, रिकामा तांब्या धरून रमजानभाईसुद्धा बघत होते. पण मग लावलेली तीन भजनं कोणती, हे पुढे विचारलं असतं तर? मी आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. एक शब्द, एक चाल, काहीही. मला घरघर आठवत होती, उजव्या कानातला तो ठसका आठवत होता, बोंडुकातला पातळ खर्ज आठवत होता. खोटं बोलायलासुद्धा माणसाने थोडंफार ऐकलेलं असावं लागतं.

"आबा," मी शेवटी म्हणालो, "खरं सांगू का? मी गाणं ऐकलंच नाही. मी हेडफोन ऐकत होतो."

सोपानरावांचा जबडा जरा खाली आला. मग आबांचे खांदे हलायला लागले, आणि पहिल्यांदा वाटलं रडतायत की काय. हसत होते.

"सोपाना, ऊठ," ते डोळे पुसत म्हणाले. "ह्यो मानूस साक्षीला चालायचा न्हाई." मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी मानाने विचारलं, "बरं, पाव्हणं, त्ये हेडफोन तरी सुरात व्हते का?"

आणि मी खरोखरच वही उघडून बघायला लागलो.