मधाने साखर धरली

माझ्या सासूबाई टेंभी नाक्याच्या. लग्न होऊन उभं आयुष्य डोंबिवलीत गेलं तरी, आम्हा ठाण्याच्या माणसांना कोणी फसवू शकत नाही, हे त्या अजून ऐकवतात. फसल्या त्या एकदाच, शीळफाट्याला. रस्त्याकडेला एकजण बादलीत मधाचं पोळं ठेवून बसला होता, पोळ्यावर माश्याही होत्या. घरी येऊन चाखलं तर गुळाचा पाक. तेव्हापासून मध म्हटलं की त्यांच्या मनात पाल चुकचुकते.

आणि माझे बाबा नेमके मधवाले. निवृत्त झाल्यावर ते कोकणात गावी राहायला गेले आणि परसात मधमाश्यांच्या पेट्या ठेवू लागले. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा डोंबिवलीला आले ते घरच्या मधाची काचेची बरणी घेऊनच. निघताना मला बजावून गेले, चमचा कोरडा हवा, झाकण घट्ट, शेगडीपासून लांब कपाटात ठेव आणि फ्रीजमध्ये अजिबात नको.

मी बरणी कपाटात ठेवली. संध्याकाळी ती फ्रीजमध्ये होती. मी परत बाहेर काढली, सासूबाईंनी परत आत ठेवली. मुंग्या लागतील, म्हणाल्या. मग क्षणभर थांबून, खऱ्या मधाला मुंग्या लागत नाहीत म्हणतात, एकदा बघायला हवं, असंही म्हणाल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण मी नवी सून होते. त्यांनी पेलाभर पाण्यात मधाचा थेंब सोडून पाहिला, काडेपेटीतली काडी मधात बुडवून ओढून पाहिली. थेंब तळाशी गेला, काडी पेटली. तर म्हणे, हल्ली भेसळ करणारेही हुशार झालेत.

बरणी शेवटी फ्रीजमध्येच राहिली आणि हिवाळ्यात मध घट्ट झाला. पांढरट, रवाळ, चमचा रुतेना. मी सहज बोलून गेले, "मधाने साखर धरली." आमच्याकडे असंच म्हणतात, आणि म्हणताना त्यात कौतुकच असतं, कारण अस्सल मध थंडीत असाच घट्ट होतो. सासूबाईंनी त्यातला एकच शब्द ऐकला.

"साखर ना? तुझ्याच तोंडून निघालं, मी नाही म्हटलं."

मी समजवायला गेले आणि जितकं समजवलं तितकी फसत गेले. दुपारी नणंदेला फोन गेला, व्याह्यांनी साखरेचा पाक दिला म्हणून. नवरा म्हणाला, कशाला वाढवतेस, मधच तर आहे. माझे बाबा खोटारडे ठरत होते आणि याला तो मधाचा विषय वाटत होता.

संक्रांतीला बाबा माझ्यासाठी हलव्याचे दागिने घेऊन आले. सासूबाईंनी तिळगुळाच्या वाटीशेजारी ती बरणी आणून ठेवली. बाबांनी पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी माझ्याकडे पातेलंभर कोमट पाणी मागितलं, उकळतं नको म्हणाले, आणि बरणी त्यात ठेवली. चहा झाला, गप्पा झाल्या, मध हळूहळू सुटला आणि पुन्हा सोनेरी दिसू लागला. मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंकडे बघितलंच.

"गरम पाण्यात साखर विरघळणारच की," त्या म्हणाल्या.

बाबा वाद घालतील असं मला वाटलं. शाळेतल्या मास्तरांशीही माझ्या मार्कांवरून भांडलेला माणूस तो.

"बरोबर आहे तुमचं, विहीणबाई," ते म्हणाले.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा त्यांच्या पिशवीतून दुकानातली प्लॅस्टिकची बाटली निघाली. ती त्यांनी स्वतः सासूबाईंच्या हातात दिली, सीलबंद आहे म्हणाले. सासूबाईंनी चष्मा लावून लेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि त्यांना पुन्हा चहा विचारला. बाबांनी तेवढा वेळ माझ्याकडे पाहिलं नाही.

ती बाटली फ्रीजमध्ये आहे. त्यानंतरचा अख्खा हिवाळा गेला, तो मध अजून पातळच आहे. हा बघा कधी साखर धरत नाही, असं सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, आणि आता पाल माझ्या मनात चुकचुकते.

मे महिन्यात गावी गेले होते. घरचा मध भाकरीबरोबर पोटभर खाल्ला. निघताना रिकामी बरणी बाबांपुढे धरली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, पुसली आणि फळीवर ठेवून दिली.

"तिकडे नको गं," ते म्हणाले. "इथे येशील तेव्हा खा."