धुऱ्यावरची पिल्लं

पोलीस अ‍ॅक्शन होऊन दोन उन्हाळे उलटले होते. माझं माहेर सेलूचं. लग्न होऊन मी चुडाव्याजवळच्या एका खेड्यात आले. सासरी मामंजींसमोर सुनेने पदर घेऊन उभं राहायचं, विचारलं तेवढ्यालाच मान हलवायची. माहेरी माझ्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा. इथे वर्षभर मी मुकीच होते.

पेरणीआधी धुरा, म्हणजे शेताचा बांध, पेटवून साफ करत. त्या साली धुऱ्यावरच्या बोरीत बुलबुलाने घरटं केलं होतं. तीन पिल्लं होती. त्यांच्यासाठी मामंजींनी आठ दिवस काम थांबवलं. शेजारी हसले, पण मामंजी ऐकणाऱ्यातले नव्हते. मग एका सकाळी त्यांनी मला घरटं बघून यायला सांगितलं.

घरटं रिकामं होतं. पण बुलबुल चोचीत अळी घेऊन खालच्या वाळल्या गवतात शिरत होती, आणि तिथून बारीक चिवचिव येत होती. ही पिल्लं पंखात बळ यायच्या आधीच घरटं सोडतात, झुडपाझुडपातून टुणटुणत राहतात आणि आईबाप तिथे जाऊन त्यांना भरवतात, हे मला तेव्हा कुठलं माहीत? पण आवाज मी ऐकला होता. परत आल्यावर मामंजींनी विचारलं, "घरटं खाली झालं का?" मी मान हलवली. पुढचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

वारा होता. गवत पेटलं तशी दोन्ही पाखरं धुरावर घिरट्या घालू लागली. एक ओरडत होतं. दुसऱ्याच्या चोचीत अळी तशीच होती, त्याला ओरडताही येत नव्हतं. तेव्हा कुठे मला तोंड फुटलं.

"मामंजी, पिल्लं गवतात हायेत."

त्यांनी कडुलिंबाचा डहाळा ओढून आग झोडपली. दोन्ही हात भाजले. एक पिल्लू तरवडाच्या झुडपाखाली जिवंत सापडलं. बाकीची दोन गेली.

"तोंड हाय तर बोलत जा, बाई," एवढंच ते म्हणाले. रागावले असते तर मला सोसलं असतं.

मग रोज संध्याकाळी ते विचारत आणि मी सांगे. पहिल्या दिवशी पिल्लू तरवडातच होतं. तिसऱ्या दिवशी बाभळीच्या खालच्या फांदीवर, आखूड शेपटी सावरत बसलेलं. सहाव्या दिवशी विहिरीवरच्या लिंबात, आईमागे धडपडत उडताना. नंतर दिसेना. दोन दिवस मी सगळं शिवार धुंडाळलं.

"उडून गेलं आसंल," मामंजी म्हणाले. चिंध्या बांधलेले हात मांडीवर ठेवून ते माझ्याकडे बघत होते. मी नुसती मान हलवली असती तरी त्यांना बरं वाटलं असतं.

"मला ठावं न्हाई," मी म्हणाले.